परत कोण आणणार?

दिवाळीच्या सुट्टीचे बेत सुरू झाले की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तट पडतात. एका बाजूला पुण्यातला भाचा आणि त्याच्या वयाची मंडळी. टूर कंपनीबरोबर जाणं म्हणजे त्यांच्या मते पहाटे पाचचा वेक-अप कॉल, बसमधल्या अंताक्षऱ्या आणि आयफेल टॉवरखाली मोजून चाळीस मिनिटं. विमान, हॉटेल, मेट्रोचा पास सगळं मोबाइलवर मिळतं, तर मधल्या माणसाला पैसे कशाला द्यायचे? दुसऱ्या बाजूला ठाण्याचे काका-काकू. युरोपात फिरून फिरून जीव मेटाकुटीला आल्यावर ताटात पडलेला गरम वरणभात त्यांना अजून आठवतो. चव, मोकळीक आणि किंमत या तिघांभोवतीच सगळा वाद फिरतो. मध्येच कुणीतरी 'एजंट लोकांचा धंदा आता संपलाच' असं जाहीर करून टाकतं आणि वर मला विचारतं, 'तुमच्याकडे तर केव्हाच संपला असेल ना?'

मी इंग्लंडात लेस्टरला राहते, म्हणजे हा प्रश्न विचारायला गाव अगदी बरोबर निवडलं म्हणायचं. 5 जुलै 1841 रोजी थॉमस कुक नावाच्या गृहस्थाने इथून लफबरोपर्यंत एक खास रेल्वेगाडी नेली. माणशी एक शिलिंग घेऊन सुमारे पाचशे लोक नेले, तेही दारूबंदीच्या सभेला. (गोव्याची पॅकेजं विकणाऱ्यांनी आपल्या धंद्याचा हा मूळपुरुष लक्षात ठेवायला हरकत नाही.) स्टेशनबाहेर त्याचा पुतळा आहे. गॅलोट्री गेटवरच्या कंपनीच्या जुन्या इमारतीवर त्या पहिल्या सहलीचं शिल्पही आहे. आणि 23 सप्टेंबर 2019 च्या पहाटे, 178 वर्षांनी, ही कंपनी बुडाली.

त्या दिवशी भारतातल्या ओळखीच्यांचे मेसेज आले ते दोन प्रकारचे. 'आमचं बुकिंग आहे, आता काय होणार?' हा पहिला. भारतातल्या थॉमस कुकचा या कंपनीशी 2012 पासून मालकीचा काही संबंध उरला नव्हता, पण नाव तेच असल्यामुळे तिला जाहीर खुलासे करत बसावं लागलं. दुसरा प्रकार होता, 'बघ, इंटरनेटने शेवटी खाल्लंच.' ते मला अर्धंच खरं वाटतं. कंपनीच्या डोक्यावर दीड अब्ज पौंडांहून जास्त कर्ज होतं आणि त्याचं मूळ बरंचसं जुन्या विलीनीकरणांत होतं. जग मोबाइलवर सरकत असताना हिने बाजारपेठांतली आणखी शेकडो दुकानं अंगावर घेतली होती. गंमत म्हणजे ती बुडाल्यावर तिची साडेपाचशे दुकानं सुंडरलंडच्या हेज ट्रॅव्हल या दुसऱ्या एजन्सीनेच विकत घेतली. आणि पॅकेज? ते तर मजेत आहे. जेट-टू आणि टीयूआय या इथल्या टूर कंपन्या आजही लाखो लोकांना स्पेन-तुर्कस्तानच्या किनाऱ्यांवर नेऊन आणतात. फरक इतकाच की बहुतेकांनी ते पॅकेज सोफ्यावर बसून घेतलेलं असतं.

पण घरच्या वादासाठी मला महत्त्वाचं वाटतं ते त्या पहाटेनंतर जे झालं ते. कंपनी बुडाली तेव्हा तिचे सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवासी परदेशात होते. इथल्या नागरी विमान प्राधिकरणाने जगभरातून विमानं भाड्याने आणली आणि दोन आठवड्यांत जवळजवळ 1 लाख 40 हजार लोकांना घरी आणून सोडलं. मोहिमेचं नाव होतं 'ऑपरेशन मॅटरहॉर्न'. ज्यांनी कंपनीकडून नुसतं विमानाचं तिकीट घेतलं होतं आणि ज्यांना नियमाने संरक्षण नव्हतं, त्यांनाही त्यात सामावून घेतलं. पुढच्या सहलींचे पैसे मात्र परत मिळाले ते पॅकेजवाल्यांना.

हे उदारपणातून आलेलं नाही, अनुभवातून आलंय. ऑगस्ट 1974 मध्ये कोर्ट लाइन ही कंपनी ऐन हंगामात कोसळली, तेव्हा जवळजवळ 50 हजार लोक बाहेर अडकले होते. त्याच काळात 'अ‍ॅटॉल' ही परवाना-व्यवस्था उभी राहिली. विमानासकट पॅकेज विकायचं तर हा परवाना लागतो आणि प्रत्येक प्रवाशामागे अडीच पौंड एका निधीत जमा करावे लागतात. 1992 चे आणि नंतर 2018 चे पॅकेज-प्रवासाचे नियम त्याच्याही पुढे गेले. एकाच ठिकाणी, एकाच व्यवहारात विमान आणि हॉटेल घेतलं की ते पॅकेज, मग ते दुकानातून घ्या की वेबसाइटवरून. अशा सहलीची सगळी जबाबदारी विकणाऱ्याची. शिवाय 1974 च्या ग्राहक पतकायद्यामुळे शंभर ते तीस हजार पौंडांपर्यंतची वस्तू वा सेवा क्रेडिट कार्डावर घेतली आणि विकणारा बुडाला, तर कार्ड देणारी बँकही तितकीच बांधील असते.

म्हणजे इथला जो गोरा तरुण पाठीवर सॅक टाकून 'आमचं आम्ही' म्हणत निघतो, त्याच्या पायाखाली कायद्याच्या दोन-तीन सतरंज्या अंथरलेल्या असतात. त्याच्या खिशातल्या पासपोर्टला बहुतेक दारं आपणहून उघडतात, हे वेगळंच. भाच्याला हा तरुण दिसतो. सतरंज्या दिसत नाहीत.

आपल्याकडे नेमकं काय संपलं, हेही एकदा नीट पाहायला हवं. तिकीट काढून देणारा एजंट संपला. ऑगस्ट 2002 मध्ये आयआरसीटीसीवर रेल्वेचं तिकीट मिळू लागलं, पुढच्या वर्षी स्वस्त तिकिटांची एअर डेक्कन आली, 2008 च्या सुमारास विमान कंपन्यांनी एजंटांचं कमिशन शून्यावर आणलं. स्टेशनरोडवरच्या 'रेल्वे, बस, विमान, पासपोर्ट, झेरॉक्स' अशा पाटीच्या दुकानात शेवटी झेरॉक्सच उरलं. मेकमायट्रिपची सुरुवात 2000 साली झाली ती आमच्यासारख्यांच्या जिवावर, अमेरिकेतून भारतात जाणाऱ्यांना तिकिटं विकून. भारतातल्या गिऱ्हाइकाकडे ते 2005 मध्ये वळले.

टूर कंपन्या मात्र वाढल्या. केसरी 1984 ची. वीणा वर्ल्ड तर 2013 ची, म्हणजे सगळं ऑनलाइन झाल्यावर जन्मलेली. हे कसं, याचं उत्तर माझ्या मते वरणभातात कमी आणि व्हिसात जास्त आहे. शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या, व्हिसासाठी राहण्याचा आणि परतीचा पुरावा, बँकेची स्टेटमेंटं, किमान तीस हजार युरोंचा विमा, व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या व्हीएफएस कंपनीची अपॉइंटमेंट आणि मग वाट पाहणं. उलट थायलंडने नोव्हेंबर 2023 मध्ये आणि मलेशियाने त्यापाठोपाठ भारतीयांसाठी दार उघडलं, व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. आणि आमच्या भाच्याचं सगळं 'स्वतंत्र' फिरणं नेमकं तिथेच झालेलं आहे! जिथे व्हिसा सुटला तिथे एजंट सुटला. यात त्याचं कर्तृत्व नाही असं नाही; पण काका-काकू भित्रे म्हणून कंपनीबरोबर गेले, हेही खरं नाही.

आईचं कारण आणखी वेगळं होतं. तिला मी म्हटलं, 'तू ये, मी सगळं बुक करते, स्वित्झर्लंड तुझ्या वेगाने बघू.' ती महिलांच्या सहलीबरोबर गेली. वर मला म्हणाली, 'अगं, तुझ्याबरोबर आले की मी तुझी आई असते. औषध घेतलंस का, स्वेटर घातलास का. तिथे मला कुणी काही विचारत नाही.' यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मेंढरांचा कळप म्हणून हिणवल्या जाणाऱ्या त्या बसमध्ये आयुष्यात पहिल्यांदा कुणाचीच आई, सून, आजी न होता बसलेल्या किती बायका असतील, हे हिणवणाऱ्यांनी एकदा पाहावं.

तरीही मी टूर कंपन्यांची वकिली करायला बसलेली नाही. घरच्या वादात जो प्रश्न कुणी विचारतच नाही, तो त्यांनाही विचारला पाहिजे: मध्येच काही मोडलं तर परत कोण आणणार आणि पैसे कोण देणार?

आपल्याकडे मोडण्याचे प्रसंग कमी नाहीत. जेट एअरवेज 17 एप्रिल 2019 ला जमिनीवर बसली. गो फर्स्ट ही विमान कंपनी मे 2023 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि आगाऊ तिकीट काढलेले प्रवासी तिच्याकडून पैसे येणं असलेल्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. त्यांच्याबरोबर त्यांना तिकिटं विकलेले एजंटही. डिसेंबर 2025 च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांची तयारी अपुरी पडल्यामुळे इंडिगोची उड्डाणं हजारोंनी रद्द झाली. तिकिटाचा परतावा मिळाला तरी वेगळं बुक केलेलं रिसॉर्ट आणि टॅक्सी यांचं काय? विमानवाला म्हणतो तो माझा विषय नाही, रिसॉर्टवाला म्हणतो मी तर खोली ठेवली होती, आणि दोन्ही विकणारं अ‍ॅप म्हणतं आम्ही फक्त मध्यस्थ.

भाचा ज्याला 'मधला माणूस काढून टाकला' म्हणतो, ते हेच. मधला माणूस गेलेला नाही. तो मोठा झालाय आणि त्याची जबाबदारी लहान झालीय. ऑक्टोबर 2022 मध्ये भारताच्या स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबो आणि ओयो यांना मिळून 392 कोटींचा दंड ठोठावला. हॉटेलांनी आपली खोली दुसरीकडे स्वस्तात विकू नये, अशा अटी हा त्यातला एक मुद्दा होता. कोपऱ्यावरच्या एजंटाची इतकी हिंमत कधी झाली नसती.

टूर कंपनीचा मॅनेजर निदान सोबत असतो. आजारी पडलात तर दवाखान्यात नेतो, पासपोर्ट हरवला तर दूतावासात बसतो. चांगल्या कंपन्या हे मनापासून करतात. पण ते त्यांच्या चांगुलपणावर चालतं. पर्यटन मंत्रालयाची मान्यता ऐच्छिक आहे. ती नसतानाही सहली विकता येतात. कंपनीच बुडाली तर प्रवाशाला आणायला अ‍ॅटॉलसारखा निधी नाही. ग्राहक आयोग आहे, पण बँकॉकच्या विमानतळावर अडकलेल्याला तारीख मिळून काय उपयोग?

सरकारने या बाबतीत जे केलं ते तर उफराटंच वाटतं. ऑक्टोबर 2020 पासून परदेशी टूर पॅकेजवर आधीच कर कापून घ्यायला सुरुवात झाली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये सात लाखांवरच्या रकमेला तो 20 टक्के झाला होता; एप्रिल 2026 पासून तो सरसकट 2 टक्क्यांवर आणला. परदेशात क्रेडिट कार्डाने केलेला खर्च मात्र त्याच वर्षी त्यातून बाहेर ठेवला. विवरणपत्र भरताना ही रक्कम वळती होते हे मान्य, पण तोवर पैसे अडकतात. ज्याच्या हातात निदान एक पावती आणि एका कंपनीचा पत्ता आहे त्याच्याकडून आधी घ्यायचे, आणि एकट्याने निघालेल्याला मोकळं सोडायचं.

कुकच्या कंपनीचा मुंबईशी एक जुना संबंध आहे, तो इथे आठवतो. 1880 च्या दशकात हिंदुस्थान सरकारने मुंबईहून हजला जाणाऱ्या यात्रेकरूंची व्यवस्था तिच्याकडे सोपवली होती. दलाल गरीब यात्रेकरूंना लुबाडत होते, जहाजांत माणसं कोंबली जात होती, म्हणून कुणीतरी उत्तरदायी असावं असा विचार होता. काम तोट्याचं निघालं आणि 1893 मध्ये ते बंद झालं. म्हणजे जबाबदारीला किंमत पडते आणि ती कुणीतरी आधी ठरवून भरावी लागते, हे त्या वेळीही कळलं होतं.

इथे ती किंमत माणशी अडीच पौंड आहे, तीनशे रुपयांच्या आसपास. पाच-सहा लाखांच्या युरोप टूरच्या बिलात ती कुणाच्या नजरेतही येणार नाही. टूर कंपन्यांनी मनावर घेतलं तर सरकारची वाट न बघता आपापसात असा निधी त्या सुरू करू शकतात, आणि ज्या करतील त्यांनी जाहिरातीत मोदकांच्या आधी ते छापावं. तोवर पैसे भरण्याआधी काका-काकूंनी कंपनीला लेखी विचारावं की तुम्ही बंद पडलात तर आमचं परतीचं तिकीट कुणाच्या नावावर आहे. आणि भाच्याने विमान आणि हॉटेल वेगवेगळ्या अ‍ॅपवर घेण्याआधी रद्द होण्याच्या अटी वाचाव्यात, जमल्यास विमा घ्यावा. त्याचा पुढचा बेत जॉर्जियाचा आहे म्हणे. अटींचे स्क्रीनशॉट ग्रुपवर टाक, असं मी त्याला सांगून ठेवलंय.