लोकसहभाग कसा आटपावा

सरपंच झालात, अभिनंदन. आता मन घट्ट करा. १९५८च्या ग्रामपंचायत कायद्यात ग्रामसभा म्हणून एक प्रकरण आहे आणि ती वर्षातून किमान चारदा भरवावी लागते. घाबरू नका. गावाला विचारायचं, पण गावाने सांगता कामा नये, एवढं जमलं की पाच वर्षं निभावली.

नोटीस सात दिवस आधी लावा. फलकावरच लावा, पण गेल्या वर्षीच्या लसीकरणाच्या कागदाखाली. दवंडी भर दुपारी पिटा, माशाची कढी जेवून गाव लवंडलेलं असतं तेव्हा. १५ ऑगस्टची सभा तर पाऊसच सांभाळतो; साकवावरून पाणी गेलं की पलीकडची वाडी आपोआप गैरहजर. जपायचं ते १ मे रोजी. चाकरमानी आलेले असतात. मत मुंबईच्या यादीत आणि तोंड गावच्या सभेत! आंब्याच्या पेट्या भरायच्या घाईत सकाळी आठलाच उरकून टाका.

आता मुख्य विद्या. गणपूर्तीला एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. ती येत नाहीत. सभा तहकूब होते. नवखा सरपंच इथे हिरमुसतो. अहो, इथेच तर दार उघडतं! तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. शंभर माणसांनी ज्याच्यावर रान उठवलं असतं, ते सात जण पाच मिनिटांत मंजूर करतात. त्यात पाच सदस्य, एक सदस्याचा मेहुणा. सातवा चहा घेऊन आलेला असतो, त्याचीही सही घ्या. देवळात कौल लावताना निदान पाकळी उजवी पडेल की डावी, ही धाकधूक असते. आपला कौल कायम उजवा.

महिला सभा ग्रामसभेच्या आधी घ्यावी लागते. बचत गटाच्या हप्त्याला बायका जमतातच, तिथेच फोटो काढा.

राहता राहिलं पाणी. वर्षाला ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण जांभा काही धरून ठेवत नाही, आणि मे महिन्यात सड्यावरच्या वाडीत टँकर चढतो. जलजीवनच्या योजनेत माणशी रोज ५५ लिटर ठरलंय. पाणी समितीत निम्म्या महिला हव्यात, म्हणून सदस्यांच्या सौभाग्यवती घ्या. बैठक स्वयंपाकघरातच होते, प्रवासभत्ता वाचतो. टाकी कुठे बांधायची हे वाडीला मात्र विचारू नका. वाडीला कुठला झरा मेमध्येही जिवंत असतो हे ठाऊक असतं, आणि नकाशा तर आधीच मंजूर झालेला असतो.

एवढं करूनही मागच्या बाकावरून एखादी आजी उठेलच. गावऱ्हाटीत, म्हणजे गावदेवाच्या जुन्या रीतीभातीत वाढलेली बाई. गाऱ्हाणं घातलं की कुणीतरी ऐकतं, अशी तिची जुनी समजूत. ती विचारील, "आमच्या नळाक पाणी कधी येतला?" तिला अडवू नका. पुरतं बोलू द्या, मान डोलवा, पाणीही विचारा, कार्यालयातल्या विकतच्या जारमधलं. मग इतिवृत्तात लिहा: "ऐनवेळच्या विषयांत पाणीपुरवठ्यावर सविस्तर चर्चा झाली." आणि त्याखाली तिचा अंगठा घ्या.