आधी काँक्रीट, मग ड्रेनेज

पुण्यात नगरसेवक व्हायचं ठरवलंच असेल, तर आधी हिशेबाची वही फाडून टाका. मानधन महिना 20 हजार, म्हणजे पाच वर्षांचे 12 लाख. निवडणूक खर्चाची मर्यादा 15 लाख. ही वजाबाकी पाहून ज्याच्या पोटात गोळा येतो, त्याने सोसायटीचं चेअरमन व्हावं. तिथे निदान पार्किंग तरी मिळतं.

निवडून आलात की एका प्रभागात तुम्ही चौघं: अ, ब, क आणि ड. रचना तुमच्याच सोयीची आहे. नळाला पाणी आलं की चौघांचे फ्लेक्स, गेलं की "तो विषय 'ब'कडे आहे." आपलं अक्षर कोणतं, हे मतदाराला पाच वर्षं कळू देऊ नका.

आता खरं काम, म्हणजे गल्लीचं काँक्रिटीकरण. इथे सगळी कला क्रमात आहे. अडाणी माणूस आधी जमिनीखालचं उरकतो. ड्रेनेज, पाण्याची लाइन, केबल, आणि वरून एकदाच रस्ता. त्याला दुसऱ्या वर्षी नारळ फोडायला काही उरत नाही. तुम्ही आधी काँक्रीट टाका. जुनं डांबर खरवडायच्या भानगडीत न पडता, त्याच्यावरच सहा इंच. कनिष्ठ अभियंता लेव्हलचं काहीतरी पुटपुटेल, त्याला चहा पाजा. काँक्रीटला पुरती ताकद यायला 28 दिवस लागतात, म्हणून गोणपाट अंथरून पाणी मारताना फोटो काढा आणि आठव्या दिवशी वरून मिरवणूक न्या.

सहा इंच रस्ता वर आला की चेंबरची झाकणं खड्ड्यात जातात आणि तळमजल्याचे उंबरे रस्त्याच्या खाली. जूनच्या पहिल्या दणक्याला पाणी थेट देवघरात. घाबरू नका, याचीच तर वाट पाहत होतो. लोक सह्यांचं निवेदन घेऊन आपणहून येतात, आणि पुढच्या अंदाजपत्रकात 'पावसाळी लाइन टाकणे' जनतेच्या मागणीवरून बसतं. नवं काँक्रीट फोडा, 12 इंची पाइप टाका आणि टोकाला जुन्या 9 इंचीच्या चेंबरला जोडून द्या. पाणी आता जोडावर तुंबेल, म्हणजे शेजारच्या गल्लीत. तिथलं निवेदन पुढच्या वर्षी. खोदलेला चर पेव्हिंग ब्लॉकने बुजवायचा, तोही 60 मिलिमीटरच्या. गाड्यांच्या रस्त्याला 80चे लागतात, त्यामुळे हे पावसाळ्याच्या आत खचतात आणि कंत्राटदाराची ओळख ताजी राहते.

पैशाची काळजी करू नका, 'स' यादी आहे, म्हणजे नगरसेवकाने सुचवलेल्या प्रभागातल्या कामांसाठी अंदाजपत्रकात ठेवलेला निधी. कामाचं नाव मात्र मोघम हवं: 'प्रभागात विविध ठिकाणी विकासकामे करणे'. 'विविध ठिकाणी' म्हटल्यावर कुठे ते दाखवा, असं म्हणणाऱ्याला फिरवून फिरवून दमवता येतं. फेब्रुवारीपर्यंत जे खर्ची पडलं नाही, त्याचं वर्गीकरण करून बाकडी, कापडी पिशव्या आणि कचऱ्याच्या बादल्यांकडे वळवा.

बाकड्यावर नाव कुठे, यावर नवशिके हमखास चुकतात. बैठकीवर टाकलं तर ते बुडाखाली जातं. पाठीच्या आतल्या बाजूला टाकलं तर आजोबा टेकून बसतात, सकाळी सहापासून. नाव पाठीच्या मागच्या बाजूला, बाकडं रस्त्याकडे पाठ करून. बसणाऱ्याला भिंत दिसेल, पण तो काही भाडं देत नाही. वर 'संकल्पना' हा शब्द हवाच, आणि नावाआधी 'मा.' ठेवा. पद असेपर्यंत माननीय, गेल्यावर माजी. रंगाऱ्याला पुन्हा बोलवावं लागत नाही. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे जवळपास चार वर्षं महापालिकेत प्रशासकच होते. तेव्हा फ्लेक्सवाले विस्मरणात गेले, बाकडीवाले तेवढे जागच्या जागी राहिले.

मुख्य सभेचं फारसं अवघड नाही. अडचणीचा विषय कार्यपत्रिकेवर असेल तर कुणाला तरी श्रद्धांजली वाहून सभा तहकूब करायची, किंवा एकेकाने चहाला उठून गणपूर्ती मोडायची. एक तृतीयांशाखाली आलं की झालं. सोयीचा विषय आयत्या वेळी.

राहता राहिली आरक्षणाची सोडत. निम्म्या जागा महिलांच्या. एखाद्या शाळकरी पोराने चिठ्ठी उचलली आणि तुमची जागा गेली, तर रडू नका. संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या फ्लेक्सवर वहिनींचा फोटो पहिल्या वर्षापासून घ्यायचा तो याचसाठी. निवडून त्या येतील, सभेला त्या बसतील. लेटरहेड, शिक्का आणि मोबाइल तुमच्याकडे. नंबर मात्र जुनाच ठेवा, टँकरवाल्याला तो पाठ आहे.