खुलासा : जानेवारीच्या चित्रातला तो माणूस राजा नाही

‘त्रे रिश अर’ या हाताने लिहिलेल्या, रंगवलेल्या जुन्या प्रार्थनापुस्तकाच्या दिनदर्शिकेत जानेवारीच्या पानावर मेजवानीचं एक चित्र आहे. त्या चित्रासोबत सध्या मेसेज फिरतोय: 'फ्रान्सच्या राजाच्या प्रार्थनापुस्तकातलं हे पान. एका संन्याशाने मठात बसून तीस वर्षं हे पुस्तक रंगवलं. राजाच्या डोक्यामागचं तेजोवलय पाहा.' गेल्या आठवड्यात मीही तो पुढे पाठवला होता, म्हणून हे लिहितोय.

निळ्या झग्यातले गृहस्थ म्हणजे फ्रान्समधल्या बेरी प्रांताचे ड्यूक (मोठे सरदार) जाँ. राजाचे मुलगे, राजाचे भाऊ, राजाचे काका. स्वतः राजा कधीच नाहीत. आणि वलय? मागे शेकोटी पेटली आहे, तिची धग लागू नये म्हणून ठेवलेला तो विणलेला गोल पडदा आहे. (चित्र मोठं करून पाहिल्यावर मलाही हसू आलं.)

रंगवणारे संन्यासी नव्हते. आजच्या नेदरलँड्समधल्या नायमेखेनहून आलेले पॉल, हेर्मान आणि जाँ हे लिम्बुर्ग बंधू ड्यूकच्या पदरी होते. 1416 मध्ये ड्यूक वारले, त्याच वर्षी तिघे भाऊही गेले. पुस्तक अर्धवटच राहिलं. ड्यूकच्या मृत्यूनंतरच्या मालमत्तेच्या यादीत 'पॉल आणि त्याच्या भावांनी केलेल्या' सुट्या पानांची नोंद आहे, ती याच पुस्तकाची मानली जाते. पुढे 1485 च्या सुमारास सॅव्हॉयचे ड्यूक शार्ल यांनी जाँ कोलोंब या चित्रकाराकडून उरलेलं काम करून घेतलं. म्हणजे मालक बदलले, हातही बदलले. आज हे पुस्तक फ्रान्समधल्या शाँतियीच्या काँदे संग्रहालयात आहे.

चित्र जरूर पाठवा, पण तो मजकूर काढून. माझा जुना मेसेज कुणी पुढे पाठवला असेल, तर तिथे हा खुलासाही टाका.