चिंदी, जवस आणि थ्री-नॉट-थ्री

जुन्या लष्करी रायफली जमवणारा माणूस रोज पहाटे उठून कशावर तरी नेम धरत असणार, अशी लोकांची पक्की समजूत असते. ह्यूस्टनच्या मराठी मंडळींत ओळख करून देतानाही आवाज खाली आणून सांगतात, ‘यांच्याकडे बंदुका आहेत, हं.’ त्यांना कसं सांगावं की बंदूकवाल्याच्या हातात बंदुकीपेक्षा घासणीच जास्त वेळ असते? दहा गोळ्या झाडायला दोन मिनिटं लागतात आणि निस्तरायला अख्खा रविवार जातो.

माझा जीव ली-एनफिल्ड या ब्रिटिश लष्करी रायफलीवर. नंबर 1, मार्क 3 स्टार, ईशापूरची. म्हणजे आपल्या एनसीसीवाल्यांची थ्री-नॉट-थ्री. मूळ मार्क 3 आली 1907 साली. पहिल्या महायुद्धात कारखान्यांना मागणी झेपेना, तेव्हा काही भाग गाळून सुटसुटीत रायफल काढली आणि तिच्या नावापुढे एक तारा लावला. काम कमी केल्याबद्दल तारा मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. हा बोअर, म्हणजे नळीचं आतलं माप, भारतात सामान्य नागरिकाला मिळत नाही, कायद्याने बंद आहे. त्यामुळे बंगालमध्ये घडलेली रायफल घरात ठेवायला अमेरिकेत यावं लागतं.

इथे त्यासाठी ‘क्युरिओ अँड रेलिक’ नावाचा परवाना असतो. तीस डॉलर, तीन वर्षं. पन्नास वर्षांहून जुनं शस्त्र त्यावर थेट घरपोच येतं, फक्त वहीत नोंद ठेवावी लागते. पन्नास वर्षं भरली की वस्तू कायद्याने ‘अवशेष’ ठरते. वाढदिवसाच्या तोंडावर हे कलम वाचू नये.

घरी येते ती रायफल नसतेच. काकवीत बुडवून काढलेलं लाकूड असतं. गंज चढू नये म्हणून गोदामात टाकताना थापलेलं ते कॉस्मोलिन, पेट्रोलियमचं मेणचट ग्रीस. वर्षानुवर्षं पडून ते दाराच्या बिजागरीवरच्या मळासारखं घट्ट होतं. ते साधारण पन्नास अंशांना वितळतं, आणि ह्यूस्टनचा जुलै इथे पहिल्यांदा उपयोगी पडतो. लाकडी भाग जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळायचे, काळ्या कचऱ्याच्या पिशवीत घालायचे, काचा चढवलेल्या गाडीत उन्हात ठेवायचे. तासातासाने कागद बदलायचा. लोखंडाला मिनरल स्पिरिट, म्हणजे रंग पातळ करायचं द्रव, आणि जुना टूथब्रश. पेट्रोल वापरू नका, घराचा विमा कितीही चांगला असला तरी. आणि लाकडाला पॉलिश पेपर लावायचा मोह आवरा. शिक्के पुसले गेले की रायफलीचा इतिहासही जातो आणि किंमतही. आठवडाभर गाडीला वास येतो तो वेगळाच. गाडीत बसणारा प्रत्येक जण ‘अहो, गॅरेजमधून आणलीत का?’ असं विचारतो.

पण हे सगळं ती सुटी केल्यावर. आणि सुटी करण्यातच खरी मेख आहे.

मॅगझिन काढा, बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता दांडा) मागे ओढा, चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) रिकामं आहे ना ते बोट घालून बघा. बोल्ट पूर्ण मागे आला की त्याचं डोकं वर फिरवून खाचेतून सोडवा, बोल्ट हातात येतो. इथवर सगळ्यांना जमतं. मग माणसाला वाटतं, आता बट, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा लाकडी भाग, काढू. बटाच्या पितळी पट्टीत एक झाकण असतं. आत तेलाची बाटली आणि पुलथ्रू (नळी पुसायची दोरी) ठेवायची जागा, आणि त्याच्याही आत खोलवर बट धरून ठेवणाऱ्या एका वेगळ्याच, स्क्रूसारख्या लांब बोल्टाचं डोकं. लांब स्क्रू ड्रायव्हर घातला, पिळला, की पुढून ‘कट्’ असा बारीक आवाज येतो. तो आवाज पैशांचा असतो. त्या बोल्टाचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडात, म्हणजे फोर-एंडमध्ये बसवलेल्या पट्टीत अडकलेलं असतं. बोल्ट फिरला की ते टोकही फिरतं आणि ऐंशी वर्षं वाळलेलं लाकूड मागच्या बाजूला उभं चिरतं. म्हणून आधी पुढचं लाकूड, मग बट. आणि बट काढायचं काही कारण नसेल तर काढूच नये.

पुढचं लाकूड काढताना नोजकॅपचे, म्हणजे तोंडाकडच्या लोखंडी टोपणाचे स्क्रू, मग पट्ट्या, मग ट्रिगर गार्डचे. स्क्रू ड्रायव्हर खाचेत अगदी घट्ट बसणारा हवा, नाहीतर डोकं पिचतं आणि पुढच्या मालकाला तुमची लायकी कळते. आतल्या पट्टीच्या स्क्रूखाली एक चिमुकली स्प्रिंग असते. ती उडते. उडू नये म्हणून काय करावं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर एकच: खाली पांढरी चादर पसरा. लाकूड नळीपासून सरळ खाली ओढायचं, तिरकं नाही. तिरकं ओढलं की पुन्हा तोच ‘कट्’.

समजा हे सगळं पार पडलं. हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टचं तोंड आणि काडतुसाची कड टेकते ती जागा यांतलं अंतर, मापलं: ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद झाला, ०.०७४ वर झाला नाही. याच घराण्यातल्या नंबर 4 च्या रायफलीला बोल्टची डोकी 0 ते 3 अशा मापांत मिळतात. नंबर 1 ला तसे आकडे नाहीत, पाच-सहा डोकी जमवून एकेक लावून बघायचं, चपलांच्या दुकानासारखं. रायफलीवर ‘डीपी’ असा शिक्का असेल तर ती कवायतीची, तिच्यातून गोळी झाडायचीच नाही. हे सगळं नीट असलं तर मग रेंजवर.

आणि तिथून घरी आल्यावर गरम पाणी.

जुन्या लष्करी .303 काडतुसांच्या बुडाच्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असतं. ते जळून मागे उरतं ते पोटॅशियम क्लोराइड. म्हणजे मीठच. मीठ हवेतलं पाणी ओढतं, आणि इथली हवा तर कोकणातल्या श्रावणाच्या तोडीची. एका रात्रीत नळीच्या आत लाल मखमल. तेलाने भागत नाही, कारण मीठ तेलात विरघळत नाही. तेल लावणं म्हणजे लोणच्यावर तेलाचा थर देणं, आतलं मीठ तसंच. पाणीच हवं, तेही उकळतं. वाकड्या नळीचं नरसाळं चेंबरमध्ये बसवायचं, रायफल तोंड खाली करून बादलीत धरायची आणि लिटरभर पाणी हळूहळू ओतायचं. थेंब लाकडाच्या सांध्यात गेला तर गंज आत, न दिसणाऱ्या जागी चढतो. आधी पाणी काजळीसारखं येतं, मग दुधी, मग स्वच्छ. उकळतं पाणी अशासाठीही की नळी तापते आणि स्वतःच वाळते. हात मात्र ओव्हनच्या मोज्यात. गॅसवर चहाचं नाही, बंदुकीचं आधण आहे, हे पाहुण्यांना सांगण्यात अर्थ नसतो.

मग चिंदी. हा शब्द शिकवल्याबद्दल एनसीसीचे आभार. पुसायची चार बाय दोन इंच, तेलाची चार बाय दीड. पुलथ्रूच्या फासात घालून एका ओढीत, सरळ. दोरी तोंडाच्या कडेला घासली तर वर्षानुवर्षांनी तिथे खोबण पडते आणि नेम जातो. पहिली चिंदी काळी, दुसरी करडी, पाचवी पिवळट. पांढरी येईपर्यंत थांबायचं नाही, आणि ती कधीच पांढरी येत नाही.

शेवटी लाकडाला जवसाचं कच्चं तेल. ब्रिटिश लष्कराची हीच रीत होती. तळहाताने, पातळ हात, दिवसाआड. डबाभर तेल आणल्यावर घरात चटणीची चौकशी होते, तिला उत्तर देऊ नये. दुकानातलं लाकडाचं तेल खाण्याचं नसतं. पण एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका: जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकल्या तर वाळताना आतल्या आत तापतात आणि आपसूक पेट घेतात. त्या एकेक करून उघड्यावर दोरीवर वाळत घालायच्या.

रविवारी संध्याकाळी आमच्या मागच्या अंगणात चार बाय दोनचे तीस-पस्तीस तुकडे ओळीने वाऱ्यावर हलत असतात. शेजारच्या आजींनी कुंपणापलीकडून केक दिला आणि विचारलं, मुलगा की मुलगी.