फुकट्या म्हणा, पण मारवा द्या

सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहायलोय. पोस्ट मोठी आहे, वेळ नसेल त्यानं खुशाल पुढं जावं.

आमच्या गाण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गंगाखेडची एक पोरगी आहे. बीए करते आणि गाणं शिकायला एसटीनं परभणीला येते. तिनं काल रात्री विचारलं की गायक अमीर खाँसाहेबांचा मारवा राग डाउनलोड करायला कुठं मिळेल, घरी रेंज नाही, ऑनलाइन ऐकायला गेलं की सारखं गोल गोल फिरतं. बस, एवढंच विचारलं. त्यावर पुण्याच्या एका थोर संग्राहकांचं उत्तर, "बाळ, शास्त्रीय संगीत असं फुकट मिळत नसतं, त्याला तप लागतं." आणि त्याखाली स्वतःच्या हार्ड डिस्कचा फोटो! चार टीबीची, वर चिठ्ठी चिकटवलेली, 'दुर्मिळ मैफली'. त्यावर लोकांनी हात जोडले. पोरगी गप्प झाली.

अहो कशाचं तप? तुम्ही त्या मैफलीत गायलात का? दुसऱ्यानं टेप केलेलं तिसऱ्याकडनं कॉपी करून आणलं आणि आता कपाटात ठेवून त्याला कुलूप लावलं, ह्याला साठेबाजी म्हणतात.

मला आमचे गुर्जी आठवले. सेलूला शाळेत संगीत शिकवायचे, पगार किती असणार ते तुम्हाला माहितीच आहे. त्यांच्याकडं एक पत्र्याची ट्रंक होती, कॅसेटनी भरलेली, आणि ती कुणासाठीही उघडायची. अट एकच, कोरी कॅसेट आपली आणायची. शनिवारी रात्री आकाशवाणीवर संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागायचा, 1952 पासून चालत आलेला, तो गुर्जी रेडिओपुढं टेपरेकॉर्डर मांडून पकडायचे. आणि प्रत्येक कॅसेटच्या कागदावर निळ्या पेनानं राग, ताल, बंदिशीचे शब्द, साथीला कोण, सगळं लिहिलेलं. एका कॅसेटवर तर असं लिहिलंय, 'सुरुवातीचे दोन मिनिट गेले, म्हैस सुटली होती.' हा प्रामाणिकपणा! आज नेटवर फाइलचं नाव यमन असतं आणि उघडल्यावर निघतो शुद्ध कल्याण, आणि खाली सगळे 'वाह यमन' लिहून मोकळे.

आता फुकट म्हटलं की चोरी, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी. आपल्या देशात 1957 चा कॉपीराइट कायदा आहे. त्यात ध्वनिमुद्रण बाजारात आलं की त्याच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं मोजायची, संपली की ते सगळ्यांचं. आधी ही मुदत 50 होती, रवींद्रनाथांच्या लेखनाची मुदत संपत आली तेव्हा 1992 ला ती 60 केली. म्हणजे 1960 पर्यंत निघालेल्या तबकड्या आज गंगाखेडच्या पोरीच्या जेवढ्या आहेत तेवढ्याच त्या पुण्याच्या काकांच्या. 1902 ला कलकत्त्यात गायिका गौहरजाननं गायलेलं, गायक अब्दुल करीम खाँसाहेब 1937 ला गेले त्यांचं तबकडीवर निघालेलं रेकॉर्डिंग, ती झिंझोटी, ती भैरवी, सगळं. ह्यात फुकटेपणा कुठं आला?

हां, आज जे गातायत त्यांचं नवीन रेकॉर्डिंग विकत घ्यावं, मान्य. घरगुती मैफलीचं प्रकाशितच झालेलं नसतं, तिथं गाणाऱ्याच्या घरच्यांना विचारावं, तेही मान्य. पण ह्या काकांनी तरी कुणाला विचारून टेप गोळा केल्या?

आणि लपवून ठेवल्यानं होतं काय ते बघा. अल्लादिया खाँसाहेबांनी रेकॉर्ड करू दिलं नाही, आज जयपूर घराण्याचा मूळ पुरुष कसा गायचा ते आपण शिष्यांच्या गळ्यातनं अंदाजानं ऐकायचं. त्यांची भीती मी समजू शकतो, विद्या चोरीला जाईल, पोटाचा प्रश्न होता. तुमच्या पोटाचा काय प्रश्न आहे? त्यांच्याच शिष्या केसरबाई केरकर, त्याही रेकॉर्डच्या बाबतीत भलत्या कडक, पण त्यांची भैरवी 1977 ला अमेरिकेच्या व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. सगळ्या ग्रहांच्या पार निघून गेली ती तबकडी आणि आम्हाला गंगाखेडला मारवा पाठवायला तप लागतं!

सरकारी रेडिओचंही तेच. त्या शनिवारच्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंगं जनतेच्या पैशानं झालेली आहेत. थोड्याफार सीडी काढल्या, रागम नावाचं चोवीस तासांचं चॅनल 2016 ला सुरू केलं, चांगलं केलं, मी रोज ऐकतो. पण ऐकायला मिळणं वेगळं आणि जवळ असणं वेगळं. विद्यार्थ्याला तीच जागा परत परत ऐकावी लागते, मागं घ्यायची, पुन्हा ऐकायची, मारव्यातला कोमल रिषभ नेमका कुठं लागतो हे एका ऐकण्यात कुणाला कळलंय? गुर्जी आम्हाला कॅसेट पेन्सिलीनं मागं फिरवायला लावायचे, टेपरेकॉर्डरची मोटर झिजते म्हणून.

बरं, आता चिडून झालं, थोडं कामाचं सांगतो.

गुगलवर 'फ्री डाउनलोड' टाकून शोधू नका. तिथं मोठं हिरवं बटन असतं, ते दाबलं की रमी खेळायचं ॲप येतं. इंटरनेट आर्काइव्ह नावाच्या साइटवर जा, archive.org. उजवीकडं खाली 'डाउनलोड ऑप्शन्स' लिहिलेलं असतं तिथं एमपीथ्री घ्या, जागा असेल तर फ्लॅक घ्या, फाइल मोठी पण आवाज जसाच्या तसा. जुनी तबकडी तीन-साडेतीन मिनिटांची, एमपीथ्रीत चारेक एमबीत बसते, आपल्या रेंजला पण उतरते. नाव इंग्रजीत टाकताना 'करीम' एक आय लावून सापडला नाही तर डबल ई लावून बघा, 'खान'चा एन काढून बघा, लोकांनी वाट्टेल तसं लिहून ठेवलंय. आणि तंबोरा लावून पट्टी तपासा, काही जणांनी तबकडी भलत्याच वेगानं फिरवून उतरवलेली असते, मग खाँसाहेबांचा आवाज अर्ध्या सुरानं चढतो आणि आपली पोरं तसंच गायला बघतात. पाश्चात्त्य संगीत लागत असेल तर म्युझोपेन नावाची साइट आहे, त्या लोकांनी 2010 ला नेटवर वर्गणी काढली, ऑर्केस्ट्राकडनं सिंफनी वाजवून घेतल्या आणि मोकळ्या सोडून दिल्या. वर्गणी काढून! आपल्याकडं गणपतीला किती जमते हो गल्लीत?

तीन मिनिटांत काय राग होणार असं नाक मुरडणारे पण भेटतील. करीम खाँसाहेबांच्या तबकडीची एक बाजू ऐका आणि मग बोलू. पसारा नाही, उगं आलापाची भरती नाही, पहिल्या सुरात राग उभा. मी तर म्हणतो नवशिक्यानं तिथनंच सुरुवात करावी.

गुर्जींची ट्रंक अजून त्यांच्या घरी आहे. मागच्या दिवाळीत गेलो होतो, अर्ध्या कॅसेटवर पांढरी बुरशी आली होती. वहिनी म्हणाल्या घेऊन जा, तुम्हीच काय ते करा. जुना डेक दुरुस्त करून घेतलाय, एकेक कॅसेट उन्हाला न लावता पंख्याखाली वाळवून, कापसानं पुसून कॉम्प्युटरवर घेतोय. वेळ लागायलाय. फाइलला नाव देताना गुर्जींनी लिहिलंय तसंच्या तसं देतो, म्हशीसकट.

मारवा त्या पोरीला कालच पाठवला. त्याच तबकडीच्या दुसऱ्या बाजूची दरबारी पण पाठवली, ती तिनं मागितली नव्हती. ग्रुपमधनं मला काढलं तरी चालतंय.

बाकी कुणाला काय पाहिजे ते खाली लिहा. राग आणि गाणाऱ्याचं नाव दोन्ही लिहा, 'काहीतरी छान पाठवा' असं लिहिणाऱ्याला उत्तर देणार नाही. परभणी, सेलू, मानवत, जिंतूरवाल्यांनी सरळ घरी या, संध्याकाळी सातनंतर. पेनड्राइव्ह आपला आणायचा, आणि रिकामा करून आणा, मागच्या वेळी एकानं आणला त्यात सगळे साखरपुड्याचे फोटो होते.