‘निनावी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

घरी डबल साइड सर्किट बोर्ड (दोन्ही बाजूंना तांब्याचे ट्रॅक, म्हणजे तारांऐवजी पट्ट्या असलेला) करण्याच्या माझ्या लेखावर काल रात्री ‘निनावी’ यांची प्रतिक्रिया आली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: हा रिकामटेकडा उद्योग आहे, भोकं प्लेटेड होत नाहीत (म्हणजे आतून तांब्याचा थर बसत नाही), वापरलेल्या फेरिक क्लोराइडचं (नको असलेलं तांबं विरघळवणारं रसायन) काय करायचं ते सांगितलेलं नाही, बाहेरून बोर्ड स्वस्तात येतात, आणि शेवटी, “दोन्ही बाजू जुळत नाहीतच, लेखकाने स्वतः असा बोर्ड केला असेल असं वाटत नाही.”

निनावी साहेब (किंवा बाई, तुम्ही ते कळू दिलेलं नाही), “जुळवायला अवघड जातं” एवढंच लिहिलं असतंत तर मी दोन ओळींत आनंदाने उत्तर दिलं असतं. पण ‘केला असेल असं वाटत नाही’ ही कुठली पद्धत? लेखात दोन्ही बाजूंचे फोटो आहेत. एकात माझा अंगठासुद्धा आलाय.

आता विषय काढलाच आहे तर सांगतो. १९८८ साली मी भोसरीत एका छोट्या युनिटमध्ये आर्टवर्कला, म्हणजे बोर्डाचं मूळ रेखाटन करायला लागलो. लेआउट कॉम्प्युटरवर होत नसे. लाइट टेबलवर मायलर फिल्म अंथरायची आणि दुप्पट मापात टेप चिकटवत जायचं, पाठीचा काटा ढिला होईपर्यंत. डबल साइड असेल तर एकाच फिल्मवर एका बाजूचे ट्रॅक लाल टेपने, दुसऱ्या बाजूचे निळ्या टेपने, आणि पॅड (भोकाभोवतीच्या तांब्याच्या चकत्या) काळे, दोन्ही बाजूंना सामाईक. मग कॅमेऱ्यावाला फिल्टर लावून लाल वेगळं काढायचा, निळं वेगळं. दोन्ही निगेटिव्ह एकाच फिल्मवरून निघायच्या, त्यामुळे पॅडवर पॅड बसणारच. दोन बाजू जुळवणं म्हणजे काय हे मी तिथे शिकलो, व्हिडिओ बघून नाही. तुम्ही कुठे शिकलात ते प्रतिक्रियेत आलेलं नाही.

घरी टोनर ट्रान्सफर करतानाही (लेझर प्रिंट कागदावरून उष्णतेने तांब्यावर उतरवायची) तत्त्व तेच: आधी दोन कागद एकमेकांशी जुळवायचे, बोर्ड नंतर. वरच्या लेयरची प्रिंट मिरर, म्हणजे आरशातल्यासारखी उलटी काढायची, खालच्याची सरळ. (खालचीही मिरर काढणारे मी पाहिलेत, आणि मग ‘जुळत नाही’ म्हणणारेही तेच.) टोनर आत येईल असे दोन्ही कागद समोरासमोर धरून ट्यूबलाइटसमोर न्यायचे, कोपऱ्यातल्या खुणा एकमेकींवर आणायच्या आणि दोन कडा बंद करून पाकीट करायचं. त्या कडांना दोन कागदांच्या मध्ये बोर्डाच्याच जाडीची, म्हणजे १.६ मिमीची पट्टी चिकटवायची. नाहीतर बोर्ड आत सरकवताना कागद ताणला जातो आणि सगळी मेहनत पाण्यात. अजून एक, प्रिंटरच्या उष्णतेने कागद किंचित आक्रसतो. म्हणून कोरा कागद एकदा प्रिंटरमधून नुसताच फिरवून घ्यायचा, प्रिंट दुसऱ्या फेरीत.

एवढं करूनही थोडं सरकतं. सरकू दे की! पॅड २ मिमीचा, भोक ०.८ मिमीचं, म्हणजे भोकाभोवती ०.६ मिमी तांबं उरतं. पाव मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर कुणाचं काय बिघडलं? तुम्ही १ मिमीचे पॅड ठेवून बघितलं असेल तर नाही जुळणार, पण तो दोष पद्धतीचा नव्हे.

प्लेटेड भोकांबद्दल तुमचं म्हणणं मान्य. घरी ती होत नाहीत, म्हणून व्हायामध्ये (दोन्ही बाजूंचे ट्रॅक जोडणाऱ्या भोकांत) रेझिस्टरचे कापलेले पाय घालून दोन्हीकडून सोल्डर मारायचं. आयसीच्या बेसखाली (चिप बसवायच्या सॉकेटखाली) वरून सोल्डरिंग आयर्न पोचत नाही, तेव्हा बेसच्या पायांना वरच्या बाजूचा ट्रॅक आणायचाच नाही. हे मी लेखात एका ओळीत उरकलं होतं, जरा सविस्तर लिहायला हरकत नव्हती. बघा, योग्य ते मी ऐकतो.

बाकी मुद्द्यांत फारसा दम नाही. फेरिकचं म्हणाल तर माझी बाटली बाल्कनीत झाकण लावून ठेवलेली आहे, तेच पुन्हा पुन्हा वापरतो, मुठेत ओतायला जात नाही. त्यावर कधीतरी लिहीन. बाहेरून बोर्ड स्वस्त पडतो, तर जरूर मागवा, पाच हवे असतील तर मीही मागवतो. मला एकच हवा असतो आणि आजच हवा असतो. सकाळी पुण्याच्या तपकीर गल्लीतून कॉपर क्लॅड (तांब्याचा पत्रा चढवलेला कोरा बोर्ड) आणलं की संध्याकाळी बोर्ड चालू. आणि रिकामटेकडा म्हणाल, तर निवृत्त माणसाला ती शिवी होत नाही.

पुढची प्रतिक्रिया नावानिशी आणि तुमच्या न जुळलेल्या बोर्डाच्या फोटोसकट पाठवा. कुठे चुकलं ते सांगेन. निनावी आली तर मात्र उत्तर मिळणार नाही.