स्टाऊट आणि कालवे : एका प्रतिक्रियेला उत्तर

आयर्लंडमधल्या गॉलवेतील लहान उपाहारगृहांत कच्च्या कालवांबरोबर (ऑयस्टरांबरोबर) मिळणाऱ्या स्टाऊट या काळ्या बिअरविषयी मी लिहिले, त्यावर आपला आक्षेप असा की, स्टाऊटच्या कडवट, जड चवीखाली कालव गाडले जाते, ही जोडी म्हणजे जाहिरातींनी रुजवलेले खूळ आहे आणि ‘कोकणात कालवे शिजवून खाणाऱ्यांना कच्च्यातले काय कळणार’. मतभेदाला माझी हरकत नाही. पण हे शेवटचे वाक्य चवीविषयी नसून माझ्याविषयी आहे, आणि ते ज्या तोऱ्यात लिहिले आहे तो मला मान्य नाही. रत्नागिरीकडच्या खडकांवरून फोडून काढलेली कालवे खातच मी वाढलो, आणि ताजे कोणते, उतरलेले कोणते, हे वासावरून ओळखायला तिथेच शिकलो. पुढे गॉलवेत शिकत असताना अशाच एका उपाहारगृहात मी संध्याकाळी शिंपल्याच्या सांध्यात सुरी घालून कालवे उघडत असे आणि गिऱ्हाइके ती कशाबरोबर खातात हे रोज पाहत असे. आपण ही जोडी कुठे चाखली, ते मात्र आपण लिहिलेले नाही.

शॅब्ली ही फ्रेंच व्हाइट वाइन कालवांबरोबर सुरेख लागते, हे मान्य. दहा टक्के मद्यार्काच्या गोडसर इम्पीरियल स्टाऊटखाली कालव हरवते, हेही मान्य; पण माझा लेख आयर्लंडच्या ड्राय, म्हणजे गोडवा नसलेल्या, स्टाऊटविषयी होता. तिला ‘जड’ म्हणताना आपण केवळ रंग पाहिला असावा. पिंपातून ओतलेल्या गिनेस या तिथल्या प्रसिद्ध ड्राय स्टाऊटमध्ये मद्यार्क ४.२ टक्के, म्हणजे कित्येक फिकट लागर बिअरांहून कमी असतो. काळेपणा येतो भाजलेल्या जवातून, आणि वरची दाट साय नायट्रोजनच्या बारीक बुडबुड्यांची असते. राहिला कडवटपणा. मीठ कडू चव दाबते, हे कारल्याला मीठ चोळणाऱ्या कुठल्याही घरात ठाऊक असते. कालवातले खारे पाणी जिभेवर असताना घोट घेतला की कडूपणा मागे सरतो आणि कॉफीसारखी भाजकी चव तेवढी पुढे येते. स्टाऊटची किंचित आंबट, तुरट कड लिंबाचे काम करते. सप्टेंबर ते एप्रिलमध्ये मिळणाऱ्या गॉलवेच्या देशी चपट्या कालवाला धातूसारखी तीव्र चव असते. तिच्यासमोर नाजूक पेय टिकत नाही. स्टाऊट टिकते, आणि सोबत लोणी लावलेला सोडा ब्रेड असला की आणखी काही लागत नाही.

जाहिरातींविषयी इतकेच, की गिनेसने कालवांच्या जाहिराती केल्या हे खरे, पण एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये कालवे हे गरिबांचे स्वस्त खाणे होते आणि स्टाऊट जिच्यातून आली ती पोर्टर ही कष्टकऱ्यांची रोजची बिअर होती. गॉलवेचा कालव महोत्सव १९५४ चा, म्हणजे त्यानंतरचा आहे.

आपल्याला पुन्हा लिहायचे असल्यास जरूर लिहावे. मात्र त्याआधी एक कालव लिंबू न पिळता, त्यातले पाणी न सांडता खावे, लगेच स्टाऊटचा घोट घ्यावा आणि मग जे जिभेला जाणवले तेच लिहावे; माझ्या गावाविषयी नको.